मातीवरची दुहेरी: खेळ लांबतो, सामना आखडतो

एप्रिल २०१७ मध्ये माँटे कार्लो मास्टर्स या टेनिस स्पर्धेच्या पुरुष दुहेरीत रोहन बोपण्णा आणि उरुग्वेचा पाब्लो क्वेवास यांनी विजेतेपद मिळवलं. अंतिम सामन्यात समोर फेलिसियानो लोपेझ आणि मार्क लोपेझ होते. दोघेही स्पॅनिश, आडनाव एकच, पण भाऊ नव्हेत. निकाल ६-३, ३-६, १०-४ असा लागला.

हे आकडे जरा थांबून वाचण्यासारखे आहेत. पहिल्या दोन सेटांची बेरीज केली तर दोन्ही जोड्यांनी नऊ-नऊ गेम जिंकले होते, म्हणजे सपशेल बरोबरी. त्यानंतर फक्त १४ गुण खेळले गेले आणि करंडक कुणाचा ते ठरलं.

मातीवर टेनिस संथ होतं, चेंडू परत येत राहतो, एकेक गुण लांबत जातो. दुहेरीचे सध्याचे नियम मात्र सामना आखडून टाकतात. मातीवरची दुहेरी समजून घ्यायची ती या ओढाताणीतूनच, कारण जोडीने कुठे उभं राहायचं, आधी सर्व्हिस कुणी करायची, सर्व्हिस कुठे टाकायची, हे सगळं त्यावरच ठरतं.

लाल रंग किती खोल?

आधी कोर्ट पाहू. आपल्याकडच्या जुन्या जिमखान्यांत मुरूम-माती पसरून, पाणी मारून, रोलर फिरवून केलेली कोर्टं असतात. युरोपातलं लाल कोर्ट तसं नसतं. तिथे वर दिसते ती विटांची भुकटी, आणि तिचा थर अगदीच पातळ असतो. पॅरिसच्या रोलाँ गॅरोसमध्ये, म्हणजे फ्रेंच ओपनच्या कोर्टांवर, तो एक ते दोन मिलिमीटरचा आहे. त्याखाली सहा-सात सेंटिमीटर पांढऱ्या चुनखडीचा चुरा, त्याखाली जळालेल्या कोळशाची खर, मग खडी आणि तळाशी मोठे दगड. सगळे थर मिळून खोली साधारण ८० सेंटिमीटर भरते. चेंडू खरा आपटतो तो चुनखडीवर. विटांची भुकटी घर्षण वाढवते आणि खेळाडूला घसरत जाऊन थांबू देते.

घर्षणामुळे चेंडूचा पुढे जाण्याचा वेग कमी होतो आणि तो जास्त उभा उसळतो. फिरकी मारलेला चेंडू तर भुकटीत दात रोवल्यासारखा पकडतो आणि खांद्यापर्यंत येतो. कोर्ट ओलं असेल तर चेंडूच्या लवेत भुकटी चिकटते, चेंडू जड होतो आणि खेळ आणखी संथ होतो. ऊन लागून कोर्ट फार सुकलं की वरची भुकटी सुटी होते, चेंडू भराभर येतो आणि पाय नको तिथे सरकतो. म्हणून कोर्टवाले दिवसभर पाणी मारतात, जाळी ओढून भुकटी सारखी करतात, रेषा झाडतात. ओल टिकावी म्हणून कॅल्शियम क्लोराइडही टाकतात, ते हवेतला दमटपणा धरून ठेवतं. माँटे कार्लोचा क्लब नावापुरताच मोनॅकोचा. प्रत्यक्षात तो सीमेलगत फ्रान्सच्या रॉकब्रून-काप-मार्तांमध्ये, समुद्राच्या अगदी वर आहे. तिथे ओलसर सकाळी आणि उन्हाच्या दुपारी एकाच कोर्टाचे दोन स्वभाव दिसतात.

दुहेरीसाठी कोर्टाची लांबी तीच, २३.७७ मीटर. रुंदी ८.२३ वरून १०.९७ मीटर होते, म्हणजे दोन्ही कडांना १.३७ मीटरच्या पट्ट्या वाढतात. सर्व्हिसचा चौकोन मात्र वाढत नाही. नेट मध्यभागी ९१.४ सेंटिमीटर आणि खांबापाशी १.०७ मीटर उंच असतं. त्यामुळे मधून तिरका मारलेला चेंडू सर्वांत बुटक्या जागेवरून जातो आणि त्याला मोकळी लांबीही जास्त मिळते. कोपऱ्यातून कोपऱ्यापर्यंत २६ मीटरहून थोडं अधिक. नेटवरच्या माणसाला चुकवून कडेच्या रेषेलगत मारायचा, तर नेट उंच आणि लांबी कमी. दुहेरीत बहुतेक रिटर्न, म्हणजे सर्व्हिस परत करणारे फटके, तिरके जातात ते यामुळेच.

सर्व्हिसची धार किती बोथट होते

गवतावर किंवा हार्ड कोर्टवर दुहेरीचं सूत्र सोपं असतं. सर्व्हिस जोरात टाकायची, रिटर्न लुळा येतो, नेटवरचा जोडीदार तो संपवतो. मातीवर रिटर्न करणाऱ्याला निमिषभर जास्त मिळतं आणि सूत्र बिघडतं.

किती बिघडतं ते हिशेबाने बघू. समजा एखादी जोडी स्वतःच्या सर्व्हिसवर १०० पैकी ७० गुण जिंकते. एटीपीच्या (पुरुषांच्या व्यावसायिक टेनिसची संघटना) दुहेरीतल्या नियमाने, म्हणजे ४०-४० झाल्यावर एकच निर्णायक गुण धरून, तिच्या १०० सर्व्हिस गेमपैकी सुमारे ८७ गेम ती राखेल. कोर्ट संथ झाल्यामुळे ७० चे ६० झाले, तर राखलेले गेम ८७ वरून ७१ वर येतात. गुणांत दहाचा फरक पडला, गेममध्ये सोळाचा. सर्व्हिसच्या बळावर उभी असलेली जोडी मातीवर अडखळते आणि एरवी मागून खेळणारे एकेरीतले खेळाडू दुहेरीत अचानक भारी वाटू लागतात, त्याचं कारण या गणितात आहे.

म्हणून मातीवर पहिली सर्व्हिसही पुष्कळदा तुफानी नसते. ती उसळणारी, फिरकीची 'किक' असते. तिचे दोन फायदे. चेंडू खांद्यावर येतो, तिथून रिटर्न खाली दाबून मारणं कठीण. आणि तो हवेत जास्त वेळ राहतो. सर्व्हिस करून नेटकडे धावणाऱ्याला बेसलाइनपासून (कोर्टाची मागची रेषा) सर्व्हिस लाइनपर्यंत साडेपाच मीटर कापायचे असतात. चेंडू जितका सावकाश, तितका तो पुढे पोचलेला असतो. तोटाही उघड आहे. किक आखूड पडली की समोरचा आत शिरून ती सरळ पायाशी मारतो. दुसरी सर्व्हिस सतत आखूड पडत असेल तर मातीवर त्या जोडीचं काही खरं नाही.

एक गुण, जवळून

४०-४०. सर्व्हिस करणारा उजव्या हाताचा, बेसलाइनच्या मधल्या खुणेला जवळजवळ खेटून उभा. जोडीदार नेटपाशी, मध्यरेषेवरच, गुडघे वाकवून इतका खाली बसलेला की सर्व्हिस त्याच्या डोक्यावरून जाईल. याला आय फॉर्मेशन म्हणतात. सर्व्हिस त्याच्या पाठीत बसली तर ती फॉल्ट, त्यामुळे खाली राहणं सक्तीचंच. पाठीमागे हाताने तो खूण करतो: कुठे टाक, मी कुठल्या बाजूला जाणार. खुणांचा अर्थ जोडीगणिक बदलतो, समोरच्याला वाचता येऊ नये म्हणून.

ठरलं 'टी'वर, म्हणजे दोन चौकोनांच्या मधल्या रेषेवर. मधून आलेल्या चेंडूवर रिटर्न करणाऱ्याला कोन मिळत नाही, त्याचा फटका बहुधा मधूनच परत येतो आणि नेटवरच्याच्या टप्प्यात सापडतो. हे झालं सर्व्हिस बाजूचं गणित. आता समोरचा बेसलाइनच्या दोन मीटर मागे उभा आहे. चेंडू उसळून वर येईपर्यंत त्याला नेटवरची हालचाल दिसू शकते. नेटवरचा लवकर निघाला, तर रिकाम्या झालेल्या बाजूने चेंडू निघून जाणार. उशिरा निघाला, तर पोचणार नाही. निघायची वेळ एकच: समोरच्याची रॅकेट फटक्यासाठी पुढे यायला लागते तो क्षण. तेव्हा तो बेत बदलू शकत नाही.

समजा वेळ साधली आणि व्हॉली, म्हणजे टप्पा पडण्याआधीच मारायचा फटका, मिळाली. ती कुठे मारायची? हार्ड कोर्टवर खोल, जोरात मारली की चेंडू सरपटत निघून जातो. मातीवर तीच व्हॉली बसकी न राहता उभी राहते, मागचा धावत जाऊन डोक्यावरून उंच लॉब उचलतो आणि गुण पुन्हा शून्यापासून सुरू होतो. म्हणून मातीवर व्हॉली आखूड आणि कोनात मारतात, किंवा हात ढिला सोडून नेटपलीकडे नुसती टाकतात. समोर कुणी नेटवर असेल तर थेट त्याच्या पायांत.

याला रिटर्नवाल्या जोडीचं उत्तर म्हणजे दोघांनीही बेसलाइनवर उभं राहणं. टीव्हीवर पाहताना हे घाबरटासारखं वाटतं, पण हिशेब पक्का असतो. रिटर्न लुळा गेला तर नेटवरचा आपला माणूस व्हॉलीचं आयतं सावज होतो, तो मागे असला तर निदान एक फटका जास्त मिळतो. किंमत मोजावी लागते ती आखूड व्हॉलीवर, कारण पुढची सगळी जागा मोकळी. चांगली जोडी पहिल्या सर्व्हिसला दोघे मागे आणि दुसऱ्या सर्व्हिसला एक पुढे, अशी अदलाबदल करत राहते.

मधोमध आलेला चेंडू कुणाचा, हा दुहेरीतला सनातन तंटा. बहुतेकदा ज्याचा फोरहँड मध्यभागी येतो तो घेतो, किंवा जो नेटजवळ असेल तो. उजव्या आणि डावखुऱ्याची जोडी असेल तर दोघांचे फोरहँड एकतर मध्यभागी येतात किंवा दोघांचे कडेला. २०२५ मध्ये रोलाँ गॅरोस जिंकणारे मार्सेल ग्रानोयेर्स आणि होरासिओ सेबायोस अशीच जोडी. सेबायोस डावखुरा आहे. मागून खेळून मग पुढे येण्याची त्यांची पद्धत पाहिली की मातीवरची दुहेरी वरचं सगळं न वाचताही कळते.

नियमांची कात्री

एटीपी टूरवर २००६ पासून दुहेरीत दोन बदल पक्के झाले. एक, ४०-४० नंतर अ‍ॅडव्हांटेज नाही, एकच गुण, जो जिंकेल त्याचा गेम. दोन, सेट १-१ झाले तर तिसरा सेट नाही, त्याऐवजी १० गुणांचा सुपर टायब्रेक, दोन गुणांच्या फरकाने जिंकायचा. सामना किती वेळ चालेल याचा अंदाज यावा आणि एकेरीवाल्यांनीही दुहेरी खेळावी, हा हेतू.

निर्णायक गुणावर सर्व्हिस कुठल्या चौकोनात घ्यायची हे रिटर्न करणारी जोडी ठरवते. दोघांनी जागा अदलाबदल करायची नाही, फक्त आपल्यापैकी कोण घेणार ते सांगायचं. अर्थात चांगला रिटर्न करणारा पुढे होतो. हा गुण किती महाग पडतो? सर्व्हिसवर १०० पैकी ६५ गुण जिंकणारी जोडी जुन्या ड्यूस-अ‍ॅडव्हांटेजच्या पद्धतीने, म्हणजे ४०-४० नंतर सलग दोन गुण घ्यावे लागत तेव्हा, १०० पैकी ८३ गेम राखेल, नव्या पद्धतीने ८०. तीन गेम हे फार वाटत नाही. पण सेटमध्ये एकच ब्रेक, म्हणजे समोरच्याच्या सर्व्हिसवर जिंकलेला गेम, पुरतो, आणि मातीवर ४०-४० पर्यंत गेम जास्त वेळा पोचतो.

दुहेरीतली एक गोष्ट पुष्कळ प्रेक्षकांच्या लक्षात येत नाही. एका सेटमध्ये प्रत्येक खेळाडू सर्व्हिस नेहमी एकाच बाजूने करतो. सर्व्हिसची पाळी चार गेमनी येते आणि बाजू पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या गेमनंतर बदलतात. कागदावर मांडून पाहा, टायब्रेक येईपर्यंत हेच चालतं. म्हणजे ऊन डोळ्यांवर येणारी बाजू ज्याच्या वाट्याला आली, त्याने सेटभर त्याच उन्हात चेंडू उडवायचा. समुद्रावरून वारा असेल तर तेच. म्हणून सेट सुरू होण्याआधी आपल्यातला पहिला सर्व्हर कोण, हा निर्णय नाणेफेकीइतकाच मोलाचा. डावखुरा जोडीदार चेंडू दुसऱ्या अंगाला उडवतो, त्यामुळे एकाला छळणारं ऊन दुसऱ्याला पुष्कळदा छळत नाही. दर सेटच्या सुरुवातीला हा क्रम बदलता येतो. सुपर टायब्रेकआधीसुद्धा.

सुपर टायब्रेकमध्ये पहिला सर्व्हर एक गुण टाकतो, नंतर प्रत्येकजण आपल्या पाळीला दोन-दोन, आणि दर सहा गुणांनी बाजू बदलतात. बोपण्णा-क्वेवासच्या १०-४ मध्ये १४ गुण झाले, म्हणजे चौघांपैकी प्रत्येकाच्या वाट्याला तीन किंवा चार गुणांपुरतीच सर्व्हिस आली. एकाच्या दोन दुसऱ्या सर्व्हिस आखूड पडल्या तर सावरायला पाळीच उरत नाही. त्याआधी दोन मिनिटांची विश्रांती मिळते. चेंडू बदलायची वेळ झाली असली तरी सुपर टायब्रेकच्या तोंडावर नवे चेंडू देत नाहीत. एरवी ते पहिल्या सात आणि मग दर नऊ गेमनंतर बदलतात. मातीवर याचा अर्थ असा की सगळ्यात महागडे गुण कधीकधी लव फुगलेल्या, भुकटी खाल्लेल्या, संथ चेंडूने खेळले जातात. अशा वेळी नुसत्या जोराच्या सर्व्हिसवर विसंबणं म्हणजे जुगार.

बोपण्णाच्याच नावावर याहून काठावरचा एक निकाल आहे. २०१५ मध्ये माद्रिदच्या लाल मातीवर त्याने आणि फ्लोरिन मेर्गियाने मार्सिन मात्कोव्स्की-नेनाद झिमोनिच यांना ६-२, ६-७, ११-९ असं हरवलं. दोन गुण इकडचे तिकडे झाले असते तर करंडक दुसऱ्यांच्या हातात असता.

ग्रँड स्लॅममध्ये ही कात्री इतकी चालत नाही. रोलाँ गॅरोसमध्ये तिसरा सेट पूर्ण खेळतात, आणि २०२२ पासून त्यात ६-६ झाल्यावरच १० गुणांचा टायब्रेक. त्याच वर्षी बोपण्णा आणि मॅटवे मिडलकूप उपांत्य फेरीत मार्सेलो अरेव्हालो-जाँ-ज्युलियन रॉयर यांच्याकडून तीन सेटांत हरले. शेवटचा टायब्रेक १०-८. आधी बारा गेम झाले, मग अठरा गुण. लिअँडर पेस आणि महेश भूपती यांनी १९९९ आणि २००१ मध्ये तिथे विजेतेपद मिळवलं तेव्हा तर हा दहा गुणांचा टायब्रेक नव्हताच.

ठसा कुणाचा?

मातीवर चेंडू ठसा सोडतो, आणि चेअर अंपायर खाली उतरून तो पाहतो, हे दृश्य सगळ्यांच्या ओळखीचं. नियम काटेकोर आहे: शेवटच्या फटक्याचाच ठसा तपासायचा, आणि त्यासाठी खेळ थांबलेला हवा. दुहेरीत इथे गोची होते. एक जोडीदार हात वर करून थांबतो आणि दुसरा त्याच क्षणी फटका मारून मोकळा होतो. अपील असं करावं लागतं की खेळ थांबलाच पाहिजे, नाहीतर समोरच्या जोडीला मुद्दाम अडथळा केला असं अंपायर ठरवू शकतो. स्वतःच्या बाजूचा ठसा बुटाने पुसला, तर तुम्ही निर्णय मान्य केला असं धरतात. नेट ओलांडून पलीकडचा ठसा बघायला गेलात तर दंड.

२०२५ पासून एटीपीच्या मातीवरच्या स्पर्धांतही रेषांचा निवाडा कॅमेरे देतात आणि ठसा पुरावा म्हणून चालत नाही. गंमत अशी, की ठसा डोळ्यांना दिसतच राहतो. त्या वर्षी माद्रिदमध्ये एकेरीच्या सामन्यात अलेक्झांडर झ्वेरेवने ठशाचा मोबाइलवर फोटो काढला आणि ताकीद घेतली. खरं तर ठसाही फसवा असतो. भुकटी जाड असेल तर तो मोठा उमटतो, कोर्ट सुकं-कडक असेल तर अर्धाच. रोलाँ गॅरोसने २०२५ मध्येही रेषांवर माणसंच ठेवली होती.

चुकीच्या पाळीचे नियम मात्र जोडीतल्या दोघांनाही पाठ हवेत. चुकीच्या माणसाने सर्व्हिस सुरू केली आणि मध्येच लक्षात आलं, तर त्या क्षणी दुरुस्ती, झालेले गुण कायम. पूर्ण गेम उलटल्यावर लक्षात आलं, तर सेटभर बदललेलाच क्रम चालतो. रिटर्नच्या जागा चुकल्या असतील तर तो गेम तसाच संपवायचा, पुढच्या रिटर्न गेमपासून मूळ जागा.

जोडी आत येते कशी

२०१७ मध्ये माँटे कार्लोच्या दुहेरीत २४ जोड्या होत्या. आठ मानांकित जोड्यांना पहिल्या फेरीत पुढे चाल. एटीपी २५० दर्जाच्या छोट्या स्पर्धेत १६ जोड्या असतात, रोलाँ गॅरोसमध्ये ६४. मास्टर्स जिंकलं की दोघांनाही प्रत्येकी क्रमवारीचे पूर्ण १००० गुण मिळतात, अंतिम सामना हरला तर ६००. बक्षिसाची रक्कम मात्र जोडीची जाहीर होते आणि ती वाटून घ्यायची असते.

प्रवेशासाठी दोघांच्या क्रमवारीची बेरीज बघतात. खेळाडू आपला एकेरीचा किंवा दुहेरीचा, जो चांगला असेल तो क्रमांक वापरू शकतो. एकेरीतला विसावा खेळाडू दुहेरीत फारसा खेळत नसला तरी सहज आत येतो, आणि दुहेरीतली कसलेली पण खालच्या क्रमांकाची जोडी बाहेर राहते. दुहेरीवाल्यांची ही जुनी तक्रार आहे, आणि ती अगदीच खोटी नाही. पण माँटे कार्लोला मातीचा हंगाम नुकता सुरू झालेला असतो. एकेरीवाल्यांना पाय बसवायला सामने हवे असतात, म्हणून ते दुहेरीतही नाव देतात आणि कधीकधी जिंकूनही जातात. २००८ मध्ये राफाएल नदालने तिथे एकेरी जिंकली आणि टॉमी रोब्रेडोबरोबर दुहेरीही. त्या अंतिम सामन्यात ६-३, ६-३ असे हरले ते महेश भूपती आणि मार्क नोल्स.

उलट बाजूही आहे. एकेरीत पुढे गेलेला किंवा मांडी धरलेला खेळाडू दुहेरीतून माघार घेतो आणि जागा रिकामी होते. ती भरायला पर्यायी जोड्यांची यादी असते. त्यांनी स्पर्धेच्या ठिकाणी येऊन सही केलेली असावी लागते आणि हाक आली की कोर्टवर उतरावं लागतं. म्हणून पहिल्या फेरीच्या दिवसांत कुठल्याही मातीच्या स्पर्धेत एखादी जोडी रॅकेटच्या तारा ताणून, बुटांच्या तळव्यातली भुकटी काढून, किट घालून बसलेली असते, आणि कोर्ट नंबर पाचवरचा सामना तिचा आहे की नाही ते तिला अजून माहीत नसतं.